जत्रा पांगल्यावर जाणारे नाना

नाना काटकर गेले ते ऐन दिवाळीत. जन्मभर सीझन चुकवत हिंडलेला माणूस, जाताना मात्र बरोब्बर सीझन पकडून गेला. त्या दिवशी ग्वाल्हेरची आमची दर्पण कॉलनी अर्धीअधिक रिकामी होती. कोणी गोव्याला, कोणी देवदर्शनाला, कोणी लेकीकडे. मी आणि आमचे हे उदयपूरला, तळ्यातल्या बोटीच्या रांगेत. पुढे माणसं, मागे माणसं, आणि एका बाईचा सेल्फीचा दांडा सारखा माझ्या कानाला लागत होता. तेवढ्यात शेजारच्या गुप्ताजींचा फोन आला. "भाभीजी, नाना नहीं रहे." तिथे कोण कोण आहे, असं मी विचारलं. "बस, चार-छह लोग. बाकी सब तो घूमने गए हैं."

फोन ठेवल्यावर रडू यायच्या आधी मला लाज वाटली. आम्ही सगळ्या कॉलनीनं त्यांना 'ऑफ-सीझन नाना' नाव ठेवलं होतं, आणि त्यांना पोचवायला माणूस मिळेना, कारण आम्ही सगळे सीझनला गेलो होतो. नाना असते तर म्हणाले असते, "बरं झालं की वृंदाताई. गर्दी नव्हती."

"गर्दी नसते, नीट दर्शन होतं." हे नानांचं पालुपद. देवळाला लावायचे तसंच ते डोंगराला, किल्ल्याला, समुद्रालाही लावायचे. जानेवारीत मसुरी, जूनमध्ये जैसलमेर, भर पावसात पुरी. मी शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून निघण्याआधी ते आमच्या फाटकाशी यायचे. सल्ला घ्यायला नव्हे, खात्री करून घ्यायला.

"वृंदाताई, जूनमध्ये जैसलमेरला कसं असतं?"

"भट्टी असते नाना. कुत्रीसुद्धा बाहेर पडत नाहीत."

"असं? म्हणजे माणसं तर नसणारच." आणि समाधानानं मिशीवरून बोट फिरवत घरी जायचे.

उंचेपुरे, खांद्यात जरासे वाकलेले, कडक इस्त्रीचा बुशशर्ट आणि ती पिळाची पांढरी मिशी. काटकरांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले आणि ग्वाल्हेरचेच झाले. "आमचे घोड्यावरून आले," असं नाना कोणाला सांगायला लागले की आतून काकी म्हणायच्या, "आणि हे स्कूटरवरून पालक आणायला चाललेत. जा, मंडी उठेल." काकी म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, गोरी आणि तोंडाची फटकळ. नानांनी सिंचन खात्यात नोकरी केली, कालवे मोजले, कधी कोणावर आवाज चढवला नाही. घरात बोलायचं खातं काकींकडे होतं.

जैसलमेरची गोष्ट काकींनीच कॉलनीभर केली. भर दुपारी दोघं वाळूच्या टेकड्यांपाशी पोचली. डोक्यावर ओले पंचे. एका खोपट्याच्या सावलीत उंटवाला आणि त्याचा उंट, दोघंही डोळे मिटून पडलेले. नानांनी विचारलं, फेरी मारणार का? उंटवाल्यानं एक डोळा उघडला, उंटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साब, मैं तो चल दूँ, ये मना कर रहा है." काकी सांगायच्या, "उंटाला कळतं गं वृंदा. आमच्या ह्यांना नाही कळत." पण गोष्ट तिथे संपायची नाही. उंटवाल्यानं मग त्यांना आपल्या घरी नेलं, बाजरीची भाकरी आणि ताक दिलं, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याच्या आईनं काकींना वाळूवर बसवून तिथली गाणी ऐकवली. हा भाग काकी जरा हळू आवाजात सांगायच्या.

खरं सांगायचं तर नानांचं काही चुकत नव्हतं. मसुरीला बर्फात वीज गेली तेव्हा हॉटेलच्या मॅनेजरनं ह्या दोघांना आपल्या शेगडीपाशी बसवलं आणि मुलीचं लग्न ठरत नाही म्हणून मन मोकळं केलं. पुढे ते लग्न ठरलं, आमंत्रण आलं, नाना गेलेही. आठ दिवसांनी. मे महिन्यात खजुराहोला पहारेकऱ्यानं त्यांना थंड फरशीवर बसायला सांगितलं आणि सगळ्या मूर्तींत त्याची स्वतःची आवडती कोणती, तीच तेवढी दाखवली. पायातला काटा काढणारी बाई होती ती. "सीझनमध्ये तो आपल्याकडे बघतसुद्धा नाही," नाना म्हणायचे. "सीझनमध्ये माणूस गाव थोडंच बघतो? पुढच्याची पाठ बघतो." मी एवढी हिंडले, पण मला आजवर कोणी पहारेकऱ्यानं आपली आवडती मूर्ती दाखवलेली नाही.

लांबचं सोडा, आमच्या इथला मेला, म्हणजे थंडीत भरणारी मोठी जत्रा, तिलासुद्धा नाना ती उठल्यावर जायचे. सगळं ग्वाल्हेर थंडीत लोकरीचे स्वेटर चढवून मेल्यात पापड खात असताना नाना घरी. मग झोके उतरवायला लागले, दुकानदार चिनी मातीच्या बरण्या पेंढ्यात गुंडाळायला लागले की नाना स्कूटर काढणार. अर्ध्या उतरवलेल्या आकाशपाळण्याखाली उभं राहून ते पाळणेवाल्याशी तासभर बोलायचे. पुढचा मुक्काम कुठे, पोरं शाळेत जातात का, असलं. येताना एक बरणी घेऊन यायचे. काकींकडे बरण्यांची रांग झाली होती. "लोणचं कमी आणि बरण्या जास्त," त्या म्हणायच्या.

लोकांना वाटायचं हा चिक्कूपणा आहे. मलाही तसंच वाटायचं. पण चिक्कू माणूस दारी आलेल्या प्रत्येकाला चहा पाजत नाही. मग वाटलं, विक्षिप्तपणा असेल. आणि एकदा तर मला त्यांचा चक्क राग आला. इथल्या मराठी मंडळानं ज्येष्ठांचा सत्कार ठेवला होता. नाना पुढच्या रांगेत बसलेले मी स्वतः पाहिले. चिटणिसांनी माइकवरून नाव घेतलं, "श्री. नानासाहेब काटकर." खुर्ची रिकामी. पुन्हा नाव, पुन्हा रिकामी. शेवटी काकी उठल्या आणि शाल-नारळ घेऊन आल्या, तोंड असं की जणू कोणाच्या घरून सांत्वन करून येतायत. मी मागच्या बाजूला गेले. नाना नळाशी हात धूत होते.

"नाना, तुमचं नाव पुकारलं."

"हो का? मला ऐकू नाही आलं."

तो माइक पार स्टेशनपर्यंत ऐकू जात असेल. नाना वळले नाहीत. नळ चालूच, हात धुणं चालूच. एवढे नखरे कशाला, असं मी घरी येऊन म्हटलं आणि विसरून गेले.

हे सगळं कशामुळे, ते कळलं त्यांच्या शेवटच्या वर्षी. फाल्गुनात त्यांना गावाकडून फोन आला. गाव म्हणजे मूळ गाव, सातार्‍याकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे भैरोबाचं देऊळ आहे आणि चैत्रात जत्रा भरते. पालखी देवळातून निघायच्या आधी गावातल्या जुन्या घराण्यांचा मान पुकारतात. नाव पुकारलं की त्या घरचा कर्ता पुरुष पुढे येतो, पानाचा विडा घेतो, आणि मग पालखी हलते. त्यात एक मान काटकरांचा, आणि तोही थोरल्या पातीचा, म्हणजे ग्वाल्हेरला आलेल्यांचा. इतकी वर्षं गावात राहिलेले एक चुलतभाऊ तो ह्यांच्या वतीनं घेत होते. ते थंडीत वारले. मागे मुलगा नाही. देवळाचे गुरव फोनवर म्हणाले, "नाना, ह्या चैत्रात तुम्ही या. ह्या खेपेला कोणी उठलं नाही तर गाव तो मान दुसऱ्याला देणार. मग तुमचं नाव पुन्हा कधी पुकारलं जायचं नाही."

काकींनी त्याच दिवशी मला सांगितलं. त्यांचा उत्साह काय विचारता. नानांसाठी नवा सदरा शिवायला टाकला, फेटा आणला. नाना दर वर्षी गावी जायचेच, पण जत्रा पांगल्यावर, वैशाखात. "एकदा तर सीझनला चला म्हटलं," काकी म्हणाल्या. "देवानं नाव घेऊन बोलावलंय, आता काय ऑफ-सीझन करून बसता?" नाना हो म्हणाले. तिकिटं काढली. निघायच्या दिवशी मी फाटकाशी उभी राहून दोघांना ऑटोत बसवलं, दहीसाखरसुद्धा दिली.

आणि संध्याकाळी तोच ऑटो परत आला. त्याच बॅगा, तीच माणसं. काकी आधी उतरल्या आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. नाना बॅगा उतरवत होते. मी धावले, काय झालं, तब्येत बिघडली का? "गाडीला फार गर्दी होती," नाना म्हणाले. "सीझन आहे ना." तिकीट तर राखीव होतं. फाटकाफाटकातून लोक बघत होते. नानांनी दोन्ही बॅगा उचलल्या आणि मान खाली घालून आत नेल्या.

जत्रेच्या दिवशी काकींचा फोन आला. दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या, पण आवाजात काळजी होती. "दुपारचे गेलेत, फोन बंद करून ठेवलाय. तू बाड्याकडेच आहेस ना? बघ गं जरा." मी खरंच महाराज बाड्यावर, शहराच्या मुख्य चौकात होते, साडीला फॉल लावायला दिला होता तो घ्यायला. दिवे लागायची वेळ. भेळपुरीच्या गाड्या, टेंपो, हॉर्न, फुगेवाले. आणि त्या सगळ्या गर्दीच्या मधोमध, बागेच्या कठड्यावर नाना बसलेले. आयुष्यभर गर्दी चुकवणारा माणूस नेमका आज बाड्यावर. हातात कचोरीचा द्रोण, कचोरीला हात लावलेला नाही. मी शेजारी बसले. त्यांनी समोरच्या इमारतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आत्ता पुकारत असतील," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, मग गेला का नाहीत?"

त्यांनी द्रोण मांडीवर ठेवला. मग बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"आम्ही दाना ओली मोहल्ल्यात राहायचो तेव्हाची गोष्ट आहे. मी कॉलेजात नुकताच गेलो होतो. बाबांच्या मनात आलं, आपला मान आपण स्वतः घ्यायचा. आणि म्हणाले, तू घे, तू जवान आहेस, तू शोभशील. आठ दिवस मला गच्चीवर शिकवलं. त्यांनी लहानपणी महाराजांचा दसऱ्याचा दरबार बघितलेला. मान घ्यायचा म्हणजे मुजरा करायचा, हे त्यांना एवढंच माहीत. पुढे जायचं, तीनदा मुजरा करायचा, आणि परत येताना पाठ नाही दाखवायची, उलटं चालत यायचं. माझं कंबरेतून वाकणं नीट झालं की खूश होऊन आईला वर बोलवायचे. बघ म्हणायचे, बघ."

"मग?"

"मग काय. जत्रेत नाव पुकारलं. विडा पाटलांच्या हातात होता. मला लागलं, ज्याच्या हातात मान, मुजरा त्यालाच. मी जाऊन पाटलांसमोर उभा राहिलो आणि केला मुजरा. एकदा, दोनदा, तीनदा. खूप छान केला, वृंदाताई. जसा शिकवला तस्सा. आणि देव माझ्या पाठीमागे होता, पालखीत."

मागून एक टेंपो हॉर्न वाजवत गेला.

"विडा घ्यायचंच विसरलो. तो पाटलांच्या हातातच राहिला. आणि मी उलटा चालत निघालो. मागे बघायचं नाही असं शिकवलेलं. जाऊन पाठ पालखीलाच धडकली. पालखी हलली, देवाचा टोप कलला. कोणी धरला म्हणून वाचला. आधी सगळे चूप होते. मग हसायला लागले. एक म्हातारे मोठ्यानं म्हणाले, ग्वाल्हेरला जाऊन देवाला पाठ दाखवायला शिकले. चुलत्यांनी पुढे होऊन विडा घेतला. बाबा खांबाशी उभे होते, नवा फेटा बांधून. त्यांनी तो तिथेच उतरवला, घडी केली आणि बगलेत धरला."

"रागावले?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. खंडव्यापर्यंत एक शब्द नाही बोलले. खंडव्याला गाडी थांबली, त्यांनी दोन चहा घेतले, एक मला दिला आणि म्हणाले, पुढच्या वेळेस जत्रा झाल्यावर येऊ. गर्दी नसते. नीट दर्शन होतं."

बाड्यावर हॉर्न वाजत होते. मी ते पालुपद किती वेळा ऐकलं असेल, किती वेळा त्याची नक्कल करून लोकांना हसवलं असेल. माझे कान गरम झाले.

"नाना, पण चूक तर त्यांनी शिकवलेली होती. तुमची कुठे होती?"

"म्हणूनच तर," नाना म्हणाले. "बाबा होते तोवर मी कसा जाणार? मी नीट करून दाखवलं असतं तर त्यांचं शिकवणं चुकलं असं सगळ्या गावासमोर झालं असतं. आणि ते गेल्यावर..." ते थांबले. "ते गेल्यावर मला लाजच वाटत राहिली. नाव पुकारलं की पाठीला अजून पालखी लागते. हसणारे सगळे गेले हो, पाटील गेले, ते म्हातारे गेले. लाज काही गेली नाही. त्या दिवशी स्टेशनवर गाडी समोर उभी, तुमच्या काकी चढल्यासुद्धा. माझ्याकडून पाय नाही उचलला गेला. त्या बिचाऱ्या बॅगा घेऊन खाली उतरल्या."

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "झालं असेल आता," म्हणाले आणि कचोरीचा द्रोण मला दिला. आम्ही ऑटो करून घरी आलो. काकी फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी नानांना नखशिखांत पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवायला वाढलंय." दोन दिवसांनंतरचं ते पहिलं वाक्य.

वैशाखात मात्र काकींनीच तिकिटं काढली. "मान तर गेला, देव तर आहे," त्या म्हणाल्या. माझी लेक पुण्याला असते आणि काकींचे गुडघे दुखतात, म्हणून मीही बरोबर निघाले. पुण्याहून बस, तालुक्याच्या गावापासून जीप. जीपमध्ये आम्ही तिघंच. गाव उन्हात झोपलेलं. देवळासमोर जत्रेच्या दुकानांच्या खांबांची भोकं जमिनीत तशीच होती, फरशीच्या फटीत गुलाल अडकलेला. मंडपात एक कुत्रं निजलेलं. कोपऱ्यात पालखी, वर पांढरं कापड टाकलेली. नाना तिच्यापासून लांबून गेले.

गुरव साठीचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. पाणी दिलं, गूळ दिला, प्रवासाची विचारपूस केली. मुद्द्याचं कोणीच बोलेना. शेवटी काकींनीच विचारलं, "पुकारलं होतं का?"

"पुकारलं की." गुरव नानांकडे न बघता म्हणाले. "एकदा पुकारून पुढं जायची रीत. मी तीनदा पुकारलं. थांबून थांबून पुकारलं. म्हटलं, गाडी उशिरा आली असंल, धावत येत असतील. पार वेशीपर्यंत बघत होतो. लोक कुरकुरायला लागले, मग नाइलाज झाला. पुढच्या साली तो मान तालमीला द्यायचा ठरलंय."

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "बरोबरच केलं त्यांनी." ते उठले, हात धुऊन येतो म्हणाले आणि बाहेर नळाकडे गेले.

काकींनी डोळे पुसले. मला आठवतं, मी फरशीतल्या गुलालाकडे बघत बसले होते. आपल्याच घरच्या माणसाची फजिती दुसऱ्यासमोर उघडी पडावी तसं मला वाटत होतं. गुरव उठले. मग गाभाऱ्यात गेले आणि तबक घेऊन बाहेर आले. त्यात एक विडा, पानं वाळून काळी पडलेली.

"पुढच्या सालापासून तालमीचा," ते म्हणाले. "ह्या सालचा तर काटकरांचाच होता. कोणी उचलला नाही, म्हणून मी तो देवाच्या पायाशी तसाच ठेवला."

आणि ते मंडपाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हाक दिली. जत्रेत द्यायची तीच हाक, पूर्ण छाती भरून. "काटकर ग्वाल्हेरकर, मानाला या." कुत्र्यानं मान वर केली. मंडपात आम्ही दोन बायका, बाकी कोणी नाही.

बाहेर नळ चालूच होता. गुरवांनी दुसऱ्यांदा हाक दिली. नळ चालूच. काकी उठल्या, गुडघ्यावर हात दाबत बाहेर गेल्या. नळ बंद झाल्याचं मला ऐकू आलं. त्या नानांना काय म्हणाल्या ते मला माहीत नाही, मला वाटतं काहीच म्हणाल्या नाहीत. नाना दारात आले. दोन्ही हात ओले, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. तोंडावरचा रंग उडालेला. मला एकदम ते कॉलेजातले नाना दिसले, गच्चीवर वाकायला शिकणारे.

गुरव तबक घेऊन उभे होते. नाना त्यांच्या जवळ आले आणि अगदी हळू विचारलं, "काय म्हणायचं असतं?"

"काही नाही. देवाकडे तोंड करायचं आणि 'आलो' म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

नाना उभे राहिले. भैरोबाकडे बघत राहिले. एवढं एक 'आलो' म्हणायला त्यांनी अख्खं आयुष्य टाळलं होतं, मसुरीला गेले होते, पुरीला गेले होते, उन्हात उंटापाशी गेले होते. मग आवाज आला.

"आलो."

त्यांनी विडा ओल्या ओंजळीत घेतला आणि कपाळाला लावला. मला वाटलं झालं. पण नाना वळले नाहीत. तोंड देवाकडे ठेवून ते उलटं चालायला लागले. एक एक पाऊल, सावकाश, बाबांनी शिकवलं होतं तसं. गुरव म्हणू लागले, "नाना, तसं काही लागत नाही," तर काकींनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या नानांच्या मागे गेल्या. वाटेतलं कुत्रं हाकललं, चपला पायानं बाजूला सारल्या, पायरी आली तेव्हा त्यांच्या पाठीला हात लावून धरलं. कुठे काही धडकलं नाही. पायऱ्या उतरून, उन्हातून, दुकानांच्या त्या भोकांमधून ते तसेच गेले, पार जीपपर्यंत. मी मागून त्यांच्या चपला घेऊन चालले होते. जीपचा ड्रायव्हर बिडी विझवायची विसरून बघत होता.

त्यानंतरही नाना मला भेटले. फाटकाशी, भाजीच्या गाडीपाशी. पावसाळ्यात ओरछ्याला जायचं म्हणत होते, ते राहिलं. पण नाना म्हटलं की मला ते वैशाखातले दिसतात. जीप निघाली तेव्हा पुढची सीट रिकामी होती, ते मागे दाराशी बसले, बाहेर तोंड करून. विडा मांडीवर रुमालात. काकींना पुढे बसायला सांगितलं तर त्या नको म्हणाल्या आणि दुखरे गुडघे दुमडून मागेच त्यांच्याशेजारी बसल्या. धूळ उडत होती. शिखर हळूहळू लहान होत होतं.

"मान घालवला मी," नाना म्हणाले. "बाबांचा मान."

काकींनी रुमालाचं टोक विड्यावर नीट ओढलं. ज्या वाक्यावर त्यांनी जन्मभर तोंड वाकडं केलं होतं, ते त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

"बरं झालं आत्ता आलो. गर्दी नव्हती. नीट दर्शन झालं."

नानांनी मान हलवली. देऊळ दिसेनासं होईपर्यंत ते तसेच बसून होते, तोंड मागे करून.